आमच्या पणजोबांची जर्मन गोळी

रविवारची दुपारची झोप सोडून आणि व्हाइटफील्डचं ट्रॅफिक ओलांडून तुम्ही या क्लबहाउसमध्ये आलात, त्याबद्दल आधी आभार. कॅमेऱ्यातून पाहणारे पुण्या-मुंबईचे, बेळगावचे, इंदूर-बडोद्याचे, सगळ्यांनाच नमस्कार.

विषय ऐकून माझ्या बायकोनं विचारलं, "तुझा आणि बंदुकीचा काय संबंध? तुला साधा डास मारता येत नाही." खरं आहे. मी सातारा जिल्ह्यातला, शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आणि गेली पंधरा वर्षं इथं व्हाइटफील्डमध्ये एका जर्मन कंपनीच्या ऑफिसात गाड्यांच्या भागांची गणितं करतो. बंदूक मी एनसीसीत हातात धरली तेवढीच. पण आमच्या घरात एक वाक्य चार पिढ्या चालत आलंय. पणजोबा म्हणायचे, "त्या जर्मन गोळीनं माझा जीव वाचवला."

पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला, तिथले लोक ज्याला सलमान पाक म्हणतात, तिथं त्यांच्या उजव्या खांद्यातून गोळी आरपार गेली. पुढं म्हातारपणीसुद्धा तो हात त्यांना डोक्याच्या वर नेता येत नसे, असं आजोबा सांगायचे.

आता मी शाळेत इतिहास शिकलो तेव्हा मला शंका आली. मेसोपोटेमियात आपली लढाई तुर्कांशी होती. मग गोळी जर्मन कशी? आणि गोळीनं जीव कसा वाचतो? घरातली माणसं म्हणाली, म्हातारा माणूस, जर्मन काय नि तुर्क काय, त्याला सगळे सारखेच. मीही ते मान्य केलं आणि सोडून दिलं. पणजोबांच्या शब्दावर मी अविश्वास दाखवला होता हे मला कळायला तीस वर्षं लागली. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात आपल्याला ठाऊक असलेल्या जागेपासून करू. १८५७. एनफिल्डचं काडतूस दातानं तोडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, वरून गोळी, मग गजानं ठासायचं. त्या काडतुसाच्या चरबीचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण ज्या वर्षी आपला शिपाई उभा राहून गजानं बंदूक ठासत होता, त्या वर्षी प्रशियाचा सैनिक जमिनीवर पालथा पडून बंदूक मागच्या बाजूनं भरत होता.

ही बंदूक योहान निकोलाउस ड्रायझं यांची. प्रशियानं ती १८४१ मध्ये स्वीकारली. हिला सुईची बंदूक म्हणायचे, कारण तिच्यात एक लांब सुई होती. चाप ओढला की सुई कागदी काडतूस भोसकून आत जायची आणि गोळीच्या बुडाशी असलेल्या स्फोटकावर आदळायची. मागचा भाग उघडायला आणि बंद करायला होती एक कडी. आपल्या जुन्या वाड्याच्या दाराची कडी आठवा. दांडा उचलायचा, मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, खाली दाबायचा. रायफलच्या भाषेत हाच बोल्ट. पुढच्या शंभर वर्षांची जर्मन रायफल म्हणजे या कडीचीच गोष्ट आहे.

३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत याच बंदुकीनं ऑस्ट्रियाच्या फौजेची दाणादाण उडवली. ऑस्ट्रियन सैनिक उभा राहून एक गोळी ठासेपर्यंत प्रशियन आडवा पडून तीन-चार झाडत होता. झालं, सगळ्या युरोपनं मान्य केलं की जग जिंकायचं तर ही बंदूक हवी.

पण फ्रेंचांनी त्याच वर्षी शासपो नावाची रायफल आणली. ड्रायझंच्या बंदुकीतून मागच्या बाजूला वायू गळायचा, तोंड भाजायचं. शासपोत रबराचा वायसर होता. मारा ड्रायझंच्या जवळजवळ दुप्पट लांब. मग १८७० च्या युद्धात कोण जिंकलं? प्रशिया! हलकी बंदूक हाती असलेले जिंकले, कारण त्यांच्यामागं क्रुपच्या पोलादी तोफा होत्या, रेल्वेचं वेळापत्रक होतं आणि आखणी होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. चांगल्या रायफलनं लढाई जिंकता येते, युद्ध जिंकता येईलच असं नाही.

जिंकूनही प्रशियाच्या सेनापतींना पक्कं कळलं होतं की त्यांची बंदूक म्हातारी झाली. तिथं आपल्या गोष्टीत माउझर येतात. माउझर म्हटलं की आपल्याकडे पिस्तूल डोळ्यांपुढं येतं, सिनेमातल्या डाकूच्या कमरेचं. मुळात ते एका घराचं आडनाव. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, नेकार नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ नावाचं छोटं गाव आहे. व्युर्टेंबर्गच्या राजानं १८११ मध्ये तिथल्या रिकाम्या मठात बंदुकीचा कारखाना काढला. माउझर भावांचे वडील त्याच कारखान्यात कारागीर. विल्हेल्म थोरला, बोलका, धंद्याचं पाहणारा. पाउल धाकटा, दिवसभर कानशीत डोकं घातलेला. यांची रायफल जर्मनीनं १८७१ मध्ये स्वीकारली. धातूचं काडतूस, ११ मिलिमीटरची गोळी, एका वेळी एक.

१८८६ ला फ्रेंचांनी पुन्हा मात केली. त्यांच्या लेबेल रायफलीत बिनधुराची दारू होती. जुन्या काळ्या दारूनं दोन फैरींत समोरचं दिसेनासं व्हायचं आणि धुरावरून शत्रूला तुमची जागा कळायची. नवी दारू जोरकस, त्यामुळं गोळी बारीक आणि वेगवान. जर्मनांनी घाईघाईनं एक समिती नेमली आणि १८८८ ची रायफल काढली. म्हणजे समितीचं काम तेव्हाही तसंच चालायचं! पाउल माउझर यांना त्यात घेतलं नाही. घरच्यानं डावललं तेव्हा त्यांनी बाहेरची गिऱ्हाइकं धरली. बेल्जियम, स्पेन, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुर्कस्तान.

१८८७ मध्ये ओटोमन सरकारनं माउझरकडे पाच लाख रायफली आणि पन्नास हजार कार्बाइन मागवल्या. ऑर्डर एवढी मोठी की माल तपासायला तुर्की अधिकारी ओबर्नडॉर्फमध्ये येऊन राहिले. पुढं १८९० च्या, १८९३ च्या, १९०३ च्या नमुन्याच्या रायफली गेल्या. त्या ७.६५ मिलिमीटरच्या.

मंडळी, पणजोबांची जर्मन गोळी कुठून आली ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. समोर तुर्क होता, पण त्याच्या हातातली रायफल ओबर्नडॉर्फच्या कुळातली होती. पलटणीतल्या शिपायांना ते माहीत होतं. पडलेल्या रायफली त्यांनी हातात घेऊन पाहिल्या असणार. मला मात्र ते पुस्तकातून कळलं, आणि तेही फार उशिरा.

जरा इथं थांबून व्हाइटफील्डची एक गंमत सांगतो. आपण बसलोय ते गाव १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर उभं राहिलं. इथल्या जुन्या खानावळीत तरुण विन्स्टन चर्चिल यायचा अशी आख्यायिका इथं सगळे सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवू, पण तो बेंगळुरूच्या छावणीत होता हे खरं. आणि इकडे येताना, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईच्या ससून डॉकवर होडीतून उतरताना लोखंडी कडं धरायला गेला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तो खांदा त्याला जन्मभर छळत राहिला. पुढं १८९८ मध्ये सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत सगळे घोडेस्वार तलवार किंवा भाला घेऊन धावले, तेव्हा खांद्यामुळं चर्चिलनं तलवार म्यानात ठेवली आणि माउझरचं पिस्तूल वापरलं. त्यानंच तो वाचला असं तो मानत असे. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावरच्या त्या कड्यानं आणि ओबर्नडॉर्फच्या पिस्तुलानं मिळून त्याचा जीव वाचवला. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांनी त्याला पकडलं. त्यांच्या हातात काय होतं? माउझर रायफली.

बोअर शेतकऱ्यांच्या त्या रायफलींनी ब्रिटिशांना चांगलाच धडा दिला. लांबून, धूर न दिसता, पट्टीनं पाच-पाच काडतुसं भरून अचूक मारा. शेवटी ब्रिटिश जिंकले, आणि हजारो बोअर कैदी हिंदुस्थानात आणले. कुठं? अहमदनगरला, आणि आमच्या साताऱ्यालासुद्धा! पणजोबा तेव्हा गुरं राखायच्या वयाचे होते.

१८९८ मध्ये पाउल माउझर यांची सगळ्यात गाजलेली रायफल आली, गेवेअर ९८. या वेळी जर्मनीनं घरच्याला डावललं नाही. इंजिनिअर म्हणून सांगतो, या कडीचं डिझाइन बघून आजही हात जोडावेसे वाटतात. तिला पुढं दोन घट्ट अडकणारे कान, आणि ते तुटलेच तर म्हणून मागं तिसरा कान. कडीला एक लांब नख. ते काडतूस मॅगझिनमधून सुटताक्षणी बूड पकडतं आणि गोळी उडून रिकामी नळकांडी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. त्यामुळं गडबडीत दोन काडतुसं एकदम आत अडकत नाहीत. काडतूस फुटलंच तर वायू बाजूला जायला भोकं, सैनिकाच्या डोळ्यांकडे नाही. आजही जगभरातल्या शिकारीच्या कितीतरी रायफली याच आराखड्यावर बनतात. अमेरिकेनं आपल्या १९०३ च्या रायफलीत यातल्या इतक्या गोष्टी घेतल्या की माउझरला दोन लाख डॉलर रॉयल्टी द्यावी लागली.

आणि तरीही ही रायफल चुकीच्या युद्धासाठी बनली होती. १.२५ मीटर लांब. उघड्या मैदानात, दूरवर ओळीनं चालत येणाऱ्या फौजेवर झाडायला उत्तम. टोकदार गोळी आल्यावर तिच्या नेमपट्टीवरचं सगळ्यात कमी अंतर होतं ४०० मीटर. १९१४ नंतर सैनिक खंदकात बसले, शत्रू शंभर-दीडशे मीटरवर. नीट नेम धरला की गोळी डोक्यावरून जायची. १८७० च्या युद्धाचं उत्तर १८९८ मध्ये तयार झालं, आणि १९१४ च्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न दुसरेच आले. स्वतः पाउल माउझर मे १९१४ मध्ये वारले. युद्ध सुरू व्हायला तेव्हा जेमतेम दोन महिने होते.

आता पुन्हा टेसिफॉन. पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादकडे निघाली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. २२ नोव्हेंबर १९१५ ला लढाई जुंपली. डिव्हिजनचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. पणजोबा त्यात. त्या काळच्या बारीक, कवच घातलेल्या गोळीचं एक वैशिष्ट्य बोअर युद्धातल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. हाडाला लागली नाही तर ती सरळ आरपार जाते, आणि जखम पुष्कळदा भरून येते. शिशाची जाडजूड जुनी गोळी असती तर खांदा राहिला नसता.

जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणि तिथून बोटींतून खाली बसऱ्याला नेलं. त्या प्रवासाचे हाल एवढे की पुढं लंडनमध्ये चौकशी आयोग बसला. पण पणजोबा निसटले. उरलेली फौज मागं हटत कूत-अल-अमारा गावात शिरली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. जवळजवळ पाच महिने. आधी घोड्यांचं मांस, मग मूठभर पीठ. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले, आणि वाळवंटातून पायी नेताना आणि छावण्यांत त्यातले हजारो मेले. पणजोबांच्या तुकडीतले जे कूतमध्ये अडकले, त्यातले आमच्या पंचक्रोशीतले दोघं परत आलेच नाहीत.

"त्या जर्मन गोळीनं माझा जीव वाचवला." वाक्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

आता पुढचं थोडक्यात. पहिल्या युद्धानंतर जर्मनांनी रायफल आखूड केली. १९३५ ची काराबिनर ९८-के. यातला 'के' म्हणजे कुर्त्स, आखूड. नळी ६० सेंटिमीटर, कडी तीच. १९४५ पर्यंत अशा एक कोटी चाळीस लाखांहून जास्त बनल्या. पण जर्मन तुकडीचं खरं बळ आता रायफल नव्हती, मशीनगन होती. बाकीचे सैनिक तिचे पट्टे वाहायचे.

तिच्या समोरही आपली माणसं होती. १० जुलै १९४४, इटली, वरच्या टायबर नदीचं खोरं. रायगडमधल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, वय २२. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या जागेवर धावले. ग्रेनेडनं मशीनगन बंद केली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. आणि मग लपून बसलेल्या नेमबाजाची गोळी लागली. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. सगळी यंत्रं, सगळे आराखडे, आणि शेवटी हातात उरला लाकडी दस्ता. माणगावला त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना आपण वडापाव घ्यायला थांबतो, पाच मिनिटं तिथंही थांबा.

त्याच युद्धात जर्मनांना कडीचा शेवट कळला. बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आत होतात, मग हजार मीटरचं काडतूस कशाला? त्यांनी काडतूस आखूड केलं आणि त्यावर आपोआप भरणारी, हवी तर सलग झाडणारी रायफल बनवली. ह्यूगो श्मायसर यांच्या हाताखाली, सूल गावच्या हेनेल कारखान्याशी जोडलेलं हे काम. हिटलरला ती आधी नको होती, म्हणून तिला मशीन-पिस्तुलाचं नाव देऊन काम पुढं रेटलं. १९४४ मध्ये तिचं बारसं झालं, श्टुर्मगेवेअर, म्हणजे हल्ल्याची रायफल. जगातल्या सगळ्या 'असॉल्ट रायफल' या नावाचं मूळ इथं आहे. कलाशनिकोव्हची एके-४७ तिची नक्कल आहे असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. कल्पना तीच, बाहेरून चेहरा सारखा, पण आतली कडी वेगळी. श्टुर्मगेवेअरची कडी कलते, कलाशनिकोव्हची फिरते.

आणि एवढी नवी रायफल हाती असून जर्मनी हरली. १८७० ला फ्रान्सचं झालं तेच.

युद्धानंतर फ्रेंचांनी ओबर्नडॉर्फचा कारखाना सुटा करून टाकला. बेकार झालेल्या माउझरच्या तीन इंजिनिअरांनी १९४९ मध्ये नवी कंपनी काढली, हेकलर अँड कॉख. माउझरची शेवटच्या दिवसांतली एक कल्पना, कडीला दोन रूळ लावून तिचा वेग रोखायचा, फ्रान्स आणि स्पेनमार्गे फिरून परत आली आणि १९५९ मध्ये जर्मन लष्कराची जी-३ रायफल झाली. तिच्याच कुळातली छोटी एमपी-५ तुम्ही पाहिली आहे. २६/११ ला टीव्हीवर, एनएसजी कमांडोंच्या हातात. आणि पुण्याच्या पाषाणला एआरडीईमध्ये आपली इन्सास बनली, तिचा डाव्या हाताला पुढं असलेला खटका बघा, जी-३ ची आठवण येते. ज्यांच्या गोळ्या आपण खाल्ल्या, त्यांच्याकडून शिकलोही.

१९९७ ला जी-३६ आली, वजन कमी व्हावं म्हणून प्लास्टिकचा भरपूर वापर. ती बनली थंड युरोपच्या हिशेबानं, आणि जर्मन सैनिक गेले अफगाणिस्तानला. तापल्यावर नेम हलतो असा वाद उठला. कोर्टात निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, कारण लष्करानं मागितलं तेच तिनं दिलं होतं. लष्करानं मागितलं होतं मागच्या युद्धाचं उत्तर. दीडशे वर्षांत ही सवय काही सुटलेली नाही.

शेवटचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी कामासाठी श्टुटगार्टला गेलो होतो. जेवताना एका सहकाऱ्याला विचारलं, तू कुठला? म्हणाला, ओबर्नडॉर्फजवळचा. त्याचे पणजोबा माउझरमध्ये कानशीवर काम करायचे, १९०० च्या आसपास, तुर्कांच्या ऑर्डरीवर. मी त्याला आमचं घरातलं वाक्य सांगितलं. तो बराच वेळ काट्यानं ताटातला बटाटा फिरवत राहिला. मग म्हणाला, "माझे पणजोबा सांगायचे की ऑर्डर मोठी होती, त्या वर्षी घराला नवं छप्पर घातलं." दोघांच्याही घरात ती रायफल आठवणीत होती. त्यांच्याकडे छप्पर म्हणून, आमच्याकडे न उचलणारा हात म्हणून.

साताऱ्याच्या अपशिंग्याला गेलात तर पहिल्या महायुद्धात गेलेल्या त्या एका गावच्या ४६ जणांची आठवण जपलेली दिसेल. तुमच्याही गावात चावडीपाशी किंवा देवळाच्या भिंतीत एखादी संगमरवरी पाटी असेल, किती गेले आणि किती परत आले नाहीत एवढाच आकडा असलेली. दिवाळीला जाल तेव्हा ती पुसा, वाचा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, यातलं आपलं कोण होतं? जे सांगतील ते लिहून घ्या. विचित्र वाटलं तरी लिहून घ्या. मी तीस वर्षं वाया घालवली, तुम्ही घालवू नका.

प्रश्न असतील तर विचारा. चहा बाहेर ठेवलाय, पण आधी प्रश्न.